सगळ्या लेआऊटना तेच प्रश्न

वर्ध्याला आमच्या पेपरचं जिल्हा कार्यालय शिलाई मशीनच्या एका दुकानाच्या वर होतं. खोली एकच. खिडकीजवळचं टेबल बातम्यांचं आणि दाराजवळचं जाहिरातींचं. मी दाराजवळ बसायचो. जिना चढून येणारा माणूस आधी माझ्यासमोर यायचा. जाहिरात द्यायची असली तर बसायचा, नाहीतर खिडकीकडे वळायचा. तिथं ताई बसत.

ताई आमच्या जिल्हा प्रतिनिधी. अख्खं गाव त्यांना ताई म्हणायचं, म्हणून मीही. आधी त्या शाळेत शिकवायच्या. नळाला पाणी का येत नाही यावर त्यांनी पेपरकडे इतकी पत्रं पाठवली की एक दिवस संपादकांनीच निरोप धाडला, बाहेरून लिहिण्यापेक्षा आत या. नागपूरच्या मुख्य कार्यालयात सगळ्यांना वाटलं होतं, बाई आहेत, महिला मंडळांचे कार्यक्रम आणि पाककृती बघतील. ताईंनी लुना काढली आणि ग्रामपंचायतींच्या सभा गाठायला लागल्या. एखाद्या सभेत बसायला खुर्ची मिळाली नाही तर दाराशी उभ्या राहून लिहून घेत. पुढच्या सभेला खुर्ची ठेवलेली असे.

मी मूळचा वडनेरचा. घरची शेती मोठा भाऊ बघायचा. मी बी.कॉम. होऊन वर्ध्यात राहिलो, लग्न झालं, आणि जाहिराती आणण्याचं हे काम मिळालं. पगार नावापुरता, बाकी सगळं कमिशन. त्यामुळे कोणाचं दुकान निघतंय, कोणत्या नेत्याचा वाढदिवस आलाय, कोण कोणाला शुभेच्छा देणार आहे, हे मला ताईंच्या आधी कळायचं. ताई गमतीनं म्हणायच्या, खरा बातमीदार तूच, फक्त तुझ्या बातम्यांना चौकट असते.

नव्वदचं दशक निम्मं उलटलं तशा वर्ध्याभोवतालच्या वावरांत चुन्याच्या रेघा दिसू लागल्या. सावंगीला मोठा दवाखाना आणि मेडिकल कॉलेज झाल्यापासून त्या बाजूला घर बांधू पाहणाऱ्यांची रीघ लागली होती. डॉक्टर होते, नर्सा होत्या, कारकून होते, पोरांच्या शिक्षणासाठी खेड्यातून आलेली माणसं होती. मागच्या हंगामात जिथं तूर उभी होती तिथं प्लॉट पडायचे. त्याला सगळे लेआऊट म्हणत, आणि प्लॉट पाडणाऱ्याला लेआऊटवाला. प्रत्येक लेआऊटमध्ये बगिच्यासाठी किंवा शाळेसाठी थोडी जागा मोकळी सोडावी लागे, ती ओपन स्पेस. मंजूर नकाशात ती चांगली ऐसपैस असायची. लोक राहायला येईपर्यंत आक्रसत जायची.

या गोष्टीत असे दोन लेआऊटवाले आहेत.

पहिले सिंदी रेल्वेचे शेठ. घराणं दोन पिढ्यांपासून कापसाच्या व्यापारात. पांढरा शर्ट, पांढरा पायजमा, बोलणं कमी. व्यापार मंदावला तेव्हा त्यांनी वर्ध्याजवळची आपली जमीन प्लॉट पाडून विकायला काढली. जाहिरात मिळते का म्हणून मी त्यांच्याकडे दोनदा गेलो. दोन्ही वेळा त्यांनी चहा पाजला आणि सांगितलं की गिऱ्हाईक प्लॉट पाहायला वावरात येतं, पेपरात येत नाही.

दुसरे हमरस्त्यावरचे. त्यांच्या लेआऊटला कमान होती आणि कमानीवर सिमेंटचे दोन हत्ती. आम्ही त्यांना कमानवालेच म्हणायचो. दसरा, दिवाळी, पाडवा, कधीही पहिल्या पानावर त्यांची जाहिरात असायची. माझ्या कमिशनचा मोठा हिस्सा त्या कमानीखालून येई. माणूस अतिशय गोड. माझ्या मुलाच्या बारशाला स्वतः आले होते, आणि निघताना माझ्या वडिलांच्या पाया पडले होते.

या दोघांचेही नकाशे मंजूर करणारे सरकारी साहेब एकच.

एका उन्हाळ्यात बातमी फुटली. साहेबांच्या घरची मंडळी सिंदीच्या शेठच्या जीपनं माहूरला जाऊन आली होती, आणि त्याच सुमारास शेठच्या लेआऊटमधल्या मोकळ्या जागेत काही नवे प्लॉट निघाले होते. ताईंनी शहानिशा केली. जागेवर गेल्या, शेजारच्यांना भेटल्या, साहेबांना विचारलं, शेठना विचारलं. शेठनी हो किंवा नाही काहीच सांगितलं नाही. बातमी गेली. दुसऱ्या दिवशी वर्ध्यात येणाऱ्या सगळ्या पेपरांत ती होती, आमच्यात सर्वांत मोठी. नागपूरच्या डेस्कनं वर मथळा घातला होता, त्यात ‘भूखंड माफिया’ असे शब्द होते. ताईंच्या मजकुरात ते नव्हते.

मग आठ-दहा दिवस सगळ्या पेपरांनी शेठना सोडलं नाही. जीपचा फोटो आला, लेआऊटचा आला, एकानं तर सिंदीच्या घराचा छापला. कापूस मार्केटात माणसं त्यांच्याशी बोलताना इकडेतिकडे पाहू लागली, असं माझ्या ओळखीच्या एका अडत्यानं सांगितलं.

हे सगळं निवल्यावर, पावसाळा सरता सरता एका दुपारी शेठ आमचा जिना चढून आले. मला वाटलं, आता आरडाओरडा होणार. त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, सरळ खिडकीकडे गेले आणि ताईंच्या समोर बसले. ताईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. शेठ पाणी प्यायले.

“तुमी लिवलं ते खोटं नाई,” ते म्हणाले. “जीप माहीच होती. जागाबी मीच कापली. त्याच्यावर मले काई म्हनाचं नाई.”

ताईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

“मले एकच विचाराचं हाय.” त्यांनी भिंतीकडे पाहिलं. तिथं कमानवाल्यांचं कॅलेंडर होतं, मीच टांगलेलं. दोन हत्ती, मधे लाल फीत, आणि हातात कात्री घेतलेले साहेब. “हे बी तेच साहेब हाय ना? यांच्या लेआऊटमंदीबी बगिच्याची जागा होती. तिथं मंगल कार्यालयाचे खांब उभे होऊन राह्यले. ते काऊन नाई आलं पेपरात?”

“मी तिकडे गेलेच नाही,” ताई म्हणाल्या.

“जा मंग. मले सोडा असं मी नाई म्हनत. पन मोजाचं तं सगळ्याईले मोजा.”

ताई म्हणाल्या, तुमचं म्हणणं बरोबर आहे, मी जाऊन पाहते. पण त्यामुळे तुमची बातमी मागे घेता येणार नाही. शेठ म्हणाले, घेऊच नका. उठता उठता ते थांबले आणि आवाज खाली आणून सांगू लागले की त्यांच्या सुनेच्या माहेरून फोन आला होता, माफिया म्हणजे काय असतं असं तिची आई विचारत होती.

तो शब्द डेस्कनं घातला होता, हे मला ठाऊक होतं. ताईंनी तसं सांगितलं असतं तर कोणी त्यांना दोष दिला नसता. त्या एवढंच म्हणाल्या, “तो शब्द चुकला. तो छापायला नको होता.”

शेठ गेल्यावर ताईंनी मला विचारलं, उद्या हमरस्त्यावर माझ्याबरोबर येशील का, तुला तिथली माणसं माहीत आहेत. मी गेलो. आत वळल्यावर डाव्या हाताला बगिचा असायला हवा होता, तिथं खरोखरच खांब उभे होते आणि पोरं खांबांमधून क्रिकेट खेळत होती. कोपऱ्यावरच्या घरात रेल्वेतून निवृत्त झालेले एक बाबू राहायचे. त्यांनी आम्हाला ओसरीत बसवलं. समोर बगिचा होणार म्हणून त्यांनी हाच प्लॉट पसंत केला होता. सकाळी उठून तिथं फिरायचं, असं नवराबायकोनं ठरवलं होतं. आता तिथं लग्नं लागणार होती. साहेब येऊन पाहून गेल्याचंही त्यांनी सांगितलं. लपूनछपून काहीच नव्हतं. साहेबांची गाडी कमानीखाली उभी असायची, हे सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. वर्ध्यातल्या सगळ्या बातमीदारांनाही असावं. आम्ही सगळेच त्या रस्त्यानं जात-येत होतो.

ताई मग कमानवाल्यांकडे गेल्या, त्यांचं म्हणणं ऐकायला. मी बाहेर थांबलो. त्या वीस मिनिटांत परत आल्या. त्यांनी सांगितलं, काजू-बदाम आले, सरबत आलं, आणि प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर आलं की तुमच्या नागपूरच्या साहेबांशी मी बोलून घेतो, तुम्ही कशाला त्रास घेता.

परतताना मी ताईंना म्हणालो, दिवाळी अंक तोंडावर आहे, त्यांचं अख्खं पान ठरलंय, ते होऊन गेलं की मग पाठवा ना बातमी. मला घर चालवायचं होतं, आणि ते मी लपवलं नाही. ताई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “तू जाहिरात घे. नीट घे, चांगली घे. तुझं काम आहे ते. मी माझं करते. तू मला थांब म्हणू नको आणि मी तुला जाऊ नको म्हणत नाही.”

बातमी नागपूरला गेली. छापून आली नाही. ताईंनी पुन्हा पाठवली. डेस्कवरून सांगण्यात आलं की जागा नाही. तिसऱ्यांदा पाठवल्यावर कळलं की आरोप पुरेसा सिद्ध होत नाही. दुसऱ्या पेपरांतही ओळ नव्हती; कमानवाल्यांच्या जाहिराती तिथंही जात होत्या. ताई एसटीनं नागपूरला जाऊन संपादकांना भेटल्या. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी चहा मागवला, बातमी वाचली, चांगली आहे म्हणाले आणि टेबलाच्या कडेला ठेवली. ताईंनी त्यांना विचारलं होतं की सिंदीच्या शेठची बातमी एवढ्याच पुराव्यावर पहिल्या पानावर गेली, मग ही का नाही. त्यावर त्यांनी कडेला ठेवलेला मजकूर उचलून पुन्हा चाळला, असं ताईंनी मला सांगितलं. मग म्हणाले, वर्ध्याचं जिल्हा पान तुमचं आहे, त्यात वस्तीबिस्तीवर एखादं सदर चालवत असाल तर मी आड येणार नाही.

दुसरा कोणी असता तर ही बोळवण समजून गप्प बसला असता. ताईंनी ती परवानगी समजली.

पुढच्याच आठवड्यात जिल्हा पानाच्या तळाशी ‘मोकळी जागा’ नावाचं सदर सुरू झालं. दर शनिवारी एक लेआऊट. प्रश्न ठरलेले. मंजूर नकाशात मोकळी जागा किती आणि कुठं? आज तिथं काय आहे? रस्ता, नाली, दिवे लागले का? उद्घाटनाला कोण पाहुणे होते? लेआऊटवाल्याचं म्हणणं काय? बस, एवढंच. कुठं विशेषण नाही, आरोप नाही. चौकशी करायला ताई स्वतः जात. कुणी चहा दिला तर पीत, कुणी हाकललं तर रस्त्यावर उभ्या राहून बघून घेत.

सुरुवातीला कोणी लक्ष दिलं नाही. महिन्याभरात दिसू लागलं की पानटपऱ्यांवर शनिवारचं जिल्हा पान वेगळं काढून ठेवलेलं असतं. माणसं एकमेकांना विचारू लागली, तुमच्या लेआऊटचं आलं का? एका ठिकाणी नाली नाही असं छापून आल्यावर आठवड्यात नाली खणली गेली. दुसऱ्या एका लेआऊटवाल्यानं तर मला गाठून विचारलं की आमची मोकळी जागा पूर्ण शाबूत आहे, आमचं कधी छापता, आणि छापलं तर खाली जाहिरातही देतो. ताई हसल्या आणि म्हणाल्या, छापून येईल तेव्हा येईल; जाहिरात याच्याजवळ द्या.

सिंदीच्या शेठच्या लेआऊटचीही पाळी आली. ताई पुन्हा जागेवर गेल्या. मोकळ्या जागेतले जे प्लॉट अजून विकले गेले नव्हते, त्यांच्या खुणेचे दगड शेठनी उपटून टाकले होते. विकलेला एक मात्र तसाच होता, तिथं घरही उभं राहिलं होतं. ताईंनी दोन्ही लिहिलं. दगड उपटले हे लिहिलं आणि एक घर उभं आहे तेही. शेठनी जागा परत सोडली, ही बातमी आमच्याशिवाय एकाही पेपरनं घेतली नाही. ज्यांनी त्यांच्या घराचा फोटो छापला होता त्यांनीही नाही.

मग कमानवाल्यांची पाळी आली. त्या आठवड्यात ‘मोकळी जागा’ छापून आलंच नाही. त्या जागी उन्हाळ्यात डोळ्यांची काळजी कशी घ्यावी यावर काहीतरी होतं. ताईंनी पुढच्या शनिवारसाठी दुसरा लेआऊट पाठवला असता तर सदर सुखानं चालू राहिलं असतं. त्यांनी तोच मजकूर पुन्हा पाठवला. आणि त्याच्या पुढच्या शनिवारीही तोच. मी म्हणालो, ताई, सदरच बंद पडेल. त्या म्हणाल्या, “यांना गाळून पुढे गेले तर ते सदर काय कामाचं? मग शेठना मी काय सांगू?”

वाचक विचारायला येऊ लागले. ताई कोणाजवळही मालकांविषयी किंवा संपादकांविषयी वाकडं बोलल्या नाहीत. मी पाठवलंय, छापून आलेलं नाही, इतकंच सांगत. ऐकणाऱ्याला पुढचं कळायचं. रेल्वेचे निवृत्त बाबू एकदा आले, ऐकून घेतलं आणि गेले. चारपाच दिवसांनी आमचा पेपर एजंट धापा टाकत वर आला. हमरस्त्यावरच्या वस्तीत घराघरातून पेपर बंद करायला सांगत होते. बाबू संध्याकाळी एकेका दारात जाऊन बोलले होते. ‘मोकळी जागा’ येईल तेव्हा पेपर सुरू करू, असं लोकांनी एजंटला सांगितलं होतं. शेजारच्या दोन वस्त्यांतही तेच सुरू झालं. त्यांची स्वतःची माहिती आधीच छापून आली होती, तरीही.

नागपूरला ही गोष्ट वितरण विभागाकडून पोहोचली. जाहिरात विभागाच्या मॅनेजरांनी मला फोन केला. म्हणाले, तू त्यांच्याशेजारी बसतोस, त्यांना समजाव, एका सदरासाठी एवढी मोठी पार्टी हातची जाईल. मी म्हणालो, मला ते जमणार नाही. आणि धीर करून पुढे हेही सांगितलं की घर बांधणारी माणसं आपला पेपर वाचतात म्हणून ही पार्टी आपल्याला जाहिरात देते. वाचायचेच बंद झाले तर ती कशाला देईल? मला वाटलं, माझी नोकरी गेली. गेली नाही. मॅनेजर म्हणाले, बघतो.

पुढच्या शनिवारी ते छापून आलं. निम्मं कापलेलं. पाहुण्यांचा प्रश्न पार खाली गेला होता, तरी साहेबांचं पद त्यात होतं. बगिच्याच्या जागी मंगल कार्यालयाचे खांब आहेत हे स्पष्ट होतं, आणि लेआऊटवाल्यांनी प्रतिक्रिया दिली नाही हेही. त्याच पानावर, बरोबर वरच्या बाजूला, कमानवाल्यांची आधी ठरलेली जाहिरात होती, हत्तींसह. ताईंनी पान उलगडून टेबलावर पसरलं आणि इतक्या हसल्या की खालच्या दुकानातला कारागीर जिन्यात येऊन उभा राहिला. मीही हसलो. तशा त्या फार क्वचित हसत.

या सगळ्याचा शेवट काय झाला? सिनेमात होतं तसं झालं नाही. साहेबांची नेहमीप्रमाणे दुसऱ्या जिल्ह्यात बदली झाली आणि निरोपाला हार पडले. मंगल कार्यालयाचं काम काही काळ थांबलं, मग वस्तीतल्या लोकांनी आणि कमानवाल्यांनी बसून तोड काढली. निम्म्या जागेत कार्यालय झालं, निम्मी मोकळी राहिली. तिथं बाबूंनी आणि त्यांच्या बायकोनं कडुनिंब आणि बकुळ लावली, पाण्याच्या बादल्या घरून नेल्या. अर्धा बगिचा मिळाला म्हणून ताई खूश होत्या का, हे मी विचारलं. त्या म्हणाल्या, “अर्धा कसला? पोरांना खेळायला मैदानच नाही राहिलं.” पण सकाळी तिथून लुना नेताना वेग कमी करायच्या, हे मी पाहिलं होतं.

कमानवाल्यांनी आमच्या जाहिराती थांबवल्या. ते वर्ष मला जड गेलं, बायकोनं शिकवण्या घेतल्या. दोनेक वर्षांत त्यांचा नवा लेआऊट निघाला आणि ते आपणहून परत आले, तितकेच गोड. नव्या लेआऊटमधली मोकळी जागा त्यांनी तारेच्या कुंपणानं बांधून काढली होती आणि मला मुद्दाम दाखवायला नेलं. ताईंना सांगा, असं तीनदा म्हणाले. मी सांगितलं. ताई शनिवारी जाऊन स्वतः पाहून आल्या, मगच लिहिलं.

पेपरनं ताईंना काढलं नाही. वरची जागा मात्र त्यांना कधी मिळाली नाही. विदर्भ विभागाचं प्रमुखपद त्यांच्यापेक्षा कितीतरी नवख्या माणसाकडे गेलं. त्यांना याचं वाईट वाटलं. वाटलं नाही असं म्हणायला त्या देव नव्हत्या. त्या दिवशी त्या लवकर घरी गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी आल्या. नव्या विभागप्रमुखांच्या अभिनंदनाची चौकट मी आणली होती, तिचं शुद्धलेखन त्यांनीच तपासून दिलं. ‘मोकळी जागा’ पुढे पाचेक वर्षं चाललं. नंतर पेपर रंगीत झाला, जिल्हा पानं बदलली, सदर बंद पडलं, आणि ताईही घरी बसल्या.

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी सिंदीचे शेठ वारल्याचं कळलं. ताईंचा मला फोन आला, सिंदीला जायचं आहे, येशील का? मी जरा बिचकलो. शेठच्या आयुष्यातली सर्वांत वाईट बातमी ताईंनीच लिहिली होती. तसं मी म्हणालोही. ताई म्हणाल्या, म्हणूनच जायला पाहिजे.

पॅसेंजरनं गेलो. घरात माणसं बसली होती. थोरल्या मुलानं आम्हाला ओळखलं आणि मान फिरवून आत निघून गेला. धाकट्यानं सतरंजी दाखवली. ताई बायकांच्या बाजूला शेठच्या पत्नीजवळ जाऊन बसल्या. मी दारातच होतो, म्हणून मला ऐकू आलं.

“तुमी आल्या, बरं केलं,” त्या बाई म्हणाल्या. “ते रागावले होते तुमच्यावर. लय दिवस. तुमचं नाव घेऊ देत नवते घरात.”

“हो,” ताई म्हणाल्या.

“मंग त्या दगडाईचं तुमी छापलं, तवा मले म्हने, त्या बाईनं माह्यं वाईटबी लिवलं अन् बरंबी लिवलं. दुसऱ्यानं कोनी नाई लिवलं. मंग नाई रागावले कधी.”

ताईंनी त्यांचा हात हातात घेतला. थोरला मुलगा एकदा बाहेर आला, ते पाहून परत आत गेला. आम्ही निघालो तेव्हा तो आला नाही. धाकटा फाटकापर्यंत आला आणि म्हणाला की वर्ध्याच्या लेआऊटमधल्या त्या एका घरासमोर थोडी जागा उरली आहे, तिथं वडिलांच्या नावानं बाक ठेवायचा विचार आहे, चालेल ना? त्यानं हे ताईंनाच विचारलं. ताईंनी जागा मोकळी ठेवून बाक कुठं बसेल, हे त्याला फाटकाच्या खांबावर बोटानं रेघ ओढून दाखवलं. मग आम्ही स्टेशनकडे चालत निघालो. वाटेत ताईंनी विचारलं की सिंदीत आता नवे लेआऊट कुठं पडत आहेत, तुला काही माहीत आहे का? मी म्हणालो, नाही. “परतीची गाडी अजून तासाभरानं आहे,” त्या म्हणाल्या, “चल, पाहून येऊ.”